हाली आणि कलदार : एकाच बाजारात दोन रुपये

1948 पर्यंत येडशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि शेजारची बार्शी इंग्रजी मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. 1911 साली लातूरपर्यंत पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे ही हद्द ओलांडून जाई. दोन्हीकडे रुपया 16 आण्यांचाच, पण तो एक नव्हता. निजामाचा तो हाली सिक्का, इंग्रजांचा तो कलदार.

दोघांत फरक चांदीचा होता. 1940 पूर्वीचा कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. चारमिनार छापाचा हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे 9.15 ग्रॅम. म्हणजे 7 हाली रुपयांत जेवढी चांदी, जवळजवळ तेवढीच 6 कलदार रुपयांत. 100 कलदारांना 116 हाली रुपये 10 आणे 8 पै हा हिशेब यातूनच येतो. बाजारात भाव थोडा वरखाली होई, पण बट्ट्याचे मूळ हेच.

समजा, एखाद्याने बार्शीत 600 कलदारांचे कापड घेतले आणि येडशीत 690 हालीला विकले. वरवर पाहता 90 रुपये नफा. प्रत्यक्षात 690 हाली म्हणजे सुमारे 591 कलदार. गाडीभाडे आणि करोडगिरी बाजूलाच राहिली, मुद्दलातच साडेआठ रुपयांची तूट! म्हणून वहीत नुसते 'रुपये' लिहून भागत नसे. कोणते रुपये, हे लिहावे लागे.

ही रीत फार जुनी आहे. रोमन अमलातील सायप्रस बेटावर रोजच्या खरेदीविक्रीला प्रांताची तांब्या-कांशाची नाणी चालत आणि साम्राज्याचे चांदीचे नाणे दूरवर चाले. आपल्या येडशीजवळचे तेर हेच जुने तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात तगरचे कापड भडोच बंदरात जात असल्याची नोंद आहे. त्याच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांत बदलून नफा मिळे, असेही त्यात म्हटले आहे. कापड आणि बट्टा यांची सोबत इतकी जुनी!

पोलीस ॲक्शननंतर, 1950 च्या दशकात, हाली चलन मागे घेतले गेले. तेव्हाही 7 हालीला 6 भारतीय रुपये हाच भाव धरला गेला.

आजही घरात जुने खरेदीखत, कर्जरोखा किंवा वही सापडली, तर आकड्याआधी सिक्का पाहावा. 'हाली' लिहिले असेल, तर 700 म्हणजे त्या काळचे 600 कलदार. निकाहनाम्यात महराच्या रकमेपुढे 'सिक्का राइजुल-वक्त', म्हणजे त्या वेळी चालणारे नाणे, असे लिहितात. त्यामागेही हीच दक्षता आहे. नाणे बदलले तरी देणे-घेणे स्पष्ट राहावे. परदेशी चलनात सौदा करणाऱ्या बांधवांनीही कराराच्या कागदावर चलनाचे नाव आणि दराची तारीख लिहून घ्यावी. नंतरचे भांडण एका शब्दाने टळते.