कारंजा ते कारंजा
बंदरांच्या गावा : लेखांक ७

आपल्या वऱ्हाडात कारंजा म्हटले की कारंजा लाड : नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, जुनी जैन मंदिरे, कापसाची बाजारपेठ. उरणकडच्या माणसाला मात्र या नावाने मुंबई बंदराच्या तोंडावरचा कोळीवाडा आठवतो. या दोन कारंजांच्या मध्ये सह्याद्री उभा आहे, आणि बंदराची खरी गोष्ट त्या भिंतीशीच सुरू होते.

आधी पाणी पाहू. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला मुंबईची बेटे पाठ देऊन उभी राहिली. त्यांच्या आडोशाला, थेट पूर्वेच्या मुख्य भूमीपर्यंत, जे पाणी निवांत राहिले तेच हे बंदर. तोंड दक्षिणेकडे. उत्तरेकडून त्यात ठाण्याची खाडी येते, पूर्वेकडून पनवेलची, आणि तोंडाशी कारंजाला वळसा घालून धरमतरची. पाताळगंगा आणि अंबा या नद्या तिच्यातून समुद्राला मिळतात. या खाड्या म्हणजे समुद्र वर चढल्याने बुडालेली नद्यांची खोरी. घारापुरीचे बेट हा बुडायचा राहिलेला डोंगर. उधाणाला इथे पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होते, म्हणून या किनाऱ्यावरची माणसे घड्याळाआधी तिथी पाहतात.

पाणी जागचे हलले नाही, गाव हलत राहिले. गलबते लहान होती तेव्हा ती खाडीतून जमेल तितकी आत, घाटवाटांच्या जवळ जात. म्हणून आधी कल्याण, मग शिलाहारांचे ठाणे. जहाजे वाढली तशी वस्ती तोंडाकडे सरकली. 1875 मध्ये ससून डॉक झाला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक. 26 मे 1989 रोजी समोरच्या काठावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्याआधीपासूनच त्या काठावर नव्या मुंबईसाठी भूसंपादन चालू होते. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी मोबदल्यासाठी उभे राहिले, आणि गोळीबारात पाच जण गेले. नकाशावर 'मोकळी' दिसणारी ती जमीन भातखाचरांची आणि मिठागरांची होती.

कारंजा मात्र तोंडावर असूनही मोठे बंदर झाले नाही. तिथल्या द्रोणागिरी डोंगराच्या माथ्यावरून आत येणारे जहाज दिसते, त्यामुळे प्रत्येक सत्तेला ते हवे होते. पोर्तुगीजांकडून ते मराठ्यांकडे आले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे कायम झाले. पण खाडीचा गाळ मोठ्या जहाजांना काठाशी येऊ देत नव्हता. मासळी आणि मीठ, यांवर गाव जगले.

आता आपल्या बाजूने पाहा. काटेपूर्णेचे पाणी पूर्णेत, पूर्णेचे तापीत आणि तापीचे सुरतेजवळ समुद्रात जाते. वऱ्हाडचा जुना व्यापारही तापीच्या खोऱ्यानेच बुऱ्हाणपूरवरून सुरतेला जाई. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेपाठोपाठ कारंजाही लुटले. दोन्ही मोगलांच्या श्रीमंत पेठा. मुंबईचे बंदर तेव्हाही तितकेच सुरक्षित होते, पण वऱ्हाडच्या कापसाला त्याचा उपयोग नव्हता. पाठीशी घाट होता ना!

1865 मध्ये रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला पोचली, 1867 मध्ये नागपूरला. ही लोहमार्गाची मुख्य वाट मूर्तिजापुरावरून गेली. कारंजा बाजूला राहिले, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी मिळाली, तीच आपली शकुंतला. कारंजाच्या कापसाच्या गाठी तिच्यातून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि पुढे जहाजाने विलायतेला. सुएझचा कालवा 1869 मध्येच उघडला होता. माझ्या मते मुंबईला बंदर निसर्गाने दिले हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे घाट फोडणाऱ्या मजुरांनी दिले, आणि त्यातले कितीतरी त्या घाटातच राहिले.

मुंबईला गेलात तर भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराची लाँच धरा. घारापुरी, न्हावा-शेवाच्या क्रेन आणि द्रोणागिरी एका फेरीत दिसतील. निघण्यापूर्वी भरतीची वेळ मात्र विचारून घ्या. ओहोटीला मोऱ्याच्या गाळात लाँच लागत नाही.