वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांचा दिवस आणि रात्र

आपल्या देशपांडे नगरात आता बऱ्याच घरी मुले पुण्या-बेंगळुरूला किंवा परदेशी आणि इथे दोघेच ज्येष्ठ, अशी स्थिती आहे. वृद्धाश्रमाची चौकशी करणे ही लपवण्याची गोष्ट राहिलेली नाही. चौकशीला गेल्यावर आपण खोली, जेवण आणि महिन्याचा खर्च विचारतो. आपल्या माणसाला उठवणार, भरवणार, रात्री कूस बदलून देणार कोण, हे विचारायचे राहून जाते. खरे तर तिथले राहणे सुखाचे होते की नाही, ते त्यांच्याच हातात असते.

त्यांचा दिवस पहाटेच सुरू होतो. बँकेत रोकड मोजून ताबा घेतात, तसा पाळी बदलताना इथे माणसांचा ताबा घ्यावा लागतो : कोण रात्री झोपले नाही, कोणाचे पोट साफ झाले नाही, कोणाची साखर उतरली होती. मग डायपर बदलणे, कवळी धुणे, खुर्चीवर बसवून आंघोळ. गिळायला त्रास असेल, तर ताठ बसवून लहान घास द्यायचे आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे होऊ द्यायचे नाही. नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. जड माणसाला उचलायला दोघे लागतात. एकट्याने उचलले, तर सेवकाचीच कंबर जाते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. हिशेब करून पाहा. असे सहा जण असले आणि रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत चार फेऱ्या झाल्या, तर चोवीस वेळा कूस बदलणे आले. मधल्या हाका वेगळ्याच.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये, प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा, अशी तरतूद आहे. हा झाला जागांचा आकडा. आपण विचारायचा आकडा दुसराच : रात्री किती जणांमागे एक सेवक असतो?

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. हुबळीत सेवा करणाऱ्या बहुतेक बायका कन्नड बोलतात. आपणही जन्मभर बाजारात, ऑफिसात कन्नड बोललो. पण स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि लहानपणची उरते. आजी मराठीत "मला परसाकडे जायचंय" म्हणते आणि समोरची बाई पाणी आणून देते. मग चिडचिड होते, अंथरूण ओले होते आणि दोष मात्र दोघींपैकी एकीवर येतो.

याला उपाय आहे, आणि तो घरच्यांच्या हातात आहे. प्रवेश घेतानाच एक पान लिहून द्यावे. तहान, भूक, दुखणे, लघवी, थंडी यांसाठी आपले माणूस वापरते ते शब्द कन्नड लिपीत, अर्थासह. मुला-नातवंडांची नावे. चहा कसा लागतो, झोपताना दिवा हवा की नको. संध्याकाळी "घरी जायचंय" म्हणून उठली, तर वाद न घालता काय बोलले की शांत होते. कोणत्याही फाइलमध्ये ही माहिती मिळत नाही.

या कामात दुःखही असते. वर्षभर जिला भरवले ती एके सकाळी जाते, खाट रिकामी होते आणि काही दिवसांत तिथे नवे माणूस येते. सेवकाला सुतक नसते, पाळी असते. म्हणून भेटीला जाल तेव्हा दोन मिनिटे तिच्याशीही बोला आणि नावाने हाक मारा. तक्रार असेल तर जरूर करा, पण आधी तिच्याकडे किती जण आहेत ते विचारा.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो क्रमांक घरात लिहून ठेवावा. आणि ते पान आजच लिहायला घ्यावे. आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्यांनी तर स्वतःचेच लिहावे, कारण आपल्या सवयी आज आपल्यालाच नीट सांगता येतात.