दलाल कुणाचा माणूस?

मागच्या वेळी आपण बचतीच्या हिशेबावर बोललो. आज बोलू घर घेण्यावर, आणि घर दाखवायला जो माणूस येतो त्याच्यावर.

आमच्या गटातल्या एका ताईंना मुलीच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं जुनं घर घ्यायचं होतं. दलालानं घर दाखवलं, घरपट्टीची पावती दाखवली. पावतीवर विकणाऱ्याचंच नाव. 'दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय' म्हणाला. ताईंनी पंचवीस हजार इसार दिला. आम्ही दोघी सोबत होतो, आम्हीही मान डोलावली. नंतर मालमत्ता पत्रक काढलं, तर त्यावर भावाबरोबर दोन बहिणींचीही नावं! त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. घरपट्टीची पावती कर कोण भरतं ते सांगते, मालक कोण ते नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. तीन महिने खेटे घातले, तेव्हा वीस हजार परत मिळाले.

दलालानं फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. तो त्याचं काम करत होता. व्यवहार झाला तरच त्याला पैसे, आणि तेही बहुतेक वेळा दोन्हीकडून. हिशेब करून बघा. दहा लाखांच्या घरावर आपल्याकडून दोन टक्के म्हणजे वीस हजार. घासाघीस करून त्यानं किंमत नऊ लाखांवर आणली, तर आपला लाख वाचतो आणि त्याचे दोन हजार जातात. मग तो आपल्यासाठी कशाला भांडेल?

शहरांत आता फक्त घेणाऱ्यासाठी घर शोधणारी माणसं असतात. ती विकणाऱ्याकडून काही घेत नाहीत, आपल्याकडूनच मेहनताना घेतात. तालुक्याला अशी पाटी आम्हाला दिसली नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला आम्हीच तसा माणूस नेमला. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले एक काका. मेहनताना दहा हजार, टक्केवारी नाही. कागदावर दोन गोष्टी लिहून घेतल्या. विकणाऱ्याकडून रुपयाही घ्यायचा नाही ही एक. दुसरी आम्ही त्यांना दिली: 'हे घर घेऊ नका' असं सांगितलं तरी त्यांचे पैसे मिळतील. ही दुसरी अट आमच्यातल्या काहींना पटेना. घरच मिळालं नाही तर पैसे कशाचे? पण खरेदी झाल्यावरच पैसे म्हटलं, की तोही दलालासारखाच घाई करणार ना!

काकांची अडचण वेगळी. कोण घर विकायला काढणार याची खबर त्यांच्याकडे नसते, ती दलालाच्या कानावर आधी येते. म्हणून घरं दलालांनीच दाखवली आणि काका तपासत गेले. पहिल्या घराची भिंत शेजारच्या जागेत होती. दुसऱ्यावर कर्जाचा बोजा. तिसऱ्याचा भाव त्यांनी आजूबाजूच्या खरेदीच्या सूची दोन काढून दाखवला, आपल्याला लाखभर जास्त सांगत होते. दलाल वैतागला. 'तुमच्या काकांना घर घ्यायचंय की नाही?' म्हणाला. ताई हसल्या नुसत्या.

चौथं घर घेतलं. त्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला. ते काम काकांचं नाही, वकिलाचंच. दलालीही द्यावी लागली, म्हणजे दोन्ही खर्च आले. पण दलाली एक टक्का, हे घरं बघायला निघण्याआधीच लिहून ठेवलं होतं. राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ताईंच्या खरेदीत काकांचा मेहनताना जवळपास त्यातूनच निघाला.

नवीन बिल्डिंगमधला फ्लॅट घेत असाल तर एजंटाला आधी महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. 2016 च्या कायद्यानं नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटाला तो लागतोच. गावातल्या जुन्या घराला हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही, तिथं कागद आपणच बघायचे.

त्या पहिल्या घराच्या दोघी बहिणींपैकी एक पुढे आमच्या मेळाव्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही पत्रक काढलंत म्हणून आम्हाला कळलं, भाऊ घर विकतोय ते."