वजनकाट्यावरच्या तीन पिढ्या

मेका जमिला सुलिव्हन यांची ‘बिग गर्ल’ ही कादंबरी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका मलाया ही न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारी आठ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. आई तिला बळेच ‘वेट वॉचर्स’च्या सभांना नेते. तिला मात्र आपल्या खोलीत एकटीने चित्रे काढायची असतात, वडिलांबरोबर रस्त्यावरचे चटकदार पदार्थ खायचे असतात. त्यात आजीची जीभ तिखट, आणि शाळा बहुतांशी गोऱ्या मुलांची.

वाचताना आईचा राग येतो. मला मात्र तिच्या वागण्यात भीती अधिक दिसते. जग आपल्या लेकीकडे कसे पाहणार, हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती लेकीला आधीच ‘नीट’ करू पाहते. ही भीती तिने स्वतः निर्माण केलेली नाही. ती फार जुनी आहे.

जाडेपणाविषयीचा तिटकारा वैद्यकशास्त्रातून आला, असे आपण धरून चालतो. समाजशास्त्रज्ञ सबरीना स्ट्रिंग्ज यांनी ‘फिअरिंग द ब्लॅक बॉडी’ (२०१९) या ग्रंथात वेगळी मांडणी केली आहे. गुलामांच्या व्यापाराच्या काळात युरोपीय लेखकांनी आफ्रिकी माणसाला खादाड आणि आळशी ठरवले. मिताहार आणि सडपातळ बांधा ही गोऱ्या, प्रॉटेस्टंट सभ्यतेची खूण मानली. डॉक्टरांचे इशारे त्यानंतरचे.

या दृष्टीची सर्वांत क्रूर साक्ष म्हणजे सारा बार्टमन. दक्षिण आफ्रिकेतील या खोईखोई स्त्रीला १८१० साली लंडनला नेऊन, पैसे घेऊन, तिच्या देहाचे प्रदर्शन मांडले गेले. १८१५ मध्ये पॅरिसला तिचा मृत्यू झाला. त्यानंतरही तिचा सांगाडा संग्रहालयात ठेवला गेला. तिचे अवशेष मायदेशी परतायला २००२ साल उजाडले.

हा इतिहास मलायाच्या घरात कोणी उच्चारत नाही. तो आईच्या काटेकोर शिस्तीतून आणि आजीच्या टोमण्यांतून तिच्यापर्यंत पोचतो. लाज अशीच झिरपते: मायेच्या नावाने, जेवणाच्या ताटावरून. तिचा परिणामही उलटा होतो. मलायाचे वजन वाढतच जाते, आणि मोठी होताना तिला आधार वाटतो तो बिगी स्मॉल्स आणि आलिया यांच्या गाण्यांचा.

आईला दोषी ठरवून ही कादंबरी मिटता येत नाही. मलायाला काट्यावर उभे करणारे हात आईचे असले, तरी तो काटा दोनशे वर्षांपूर्वीच दुसऱ्यांनी लावून ठेवला होता.