बर्फाने सांडलेलं सोनं

मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी १५७६ साली निघाला होता चीनकडे जाणारी उत्तरेची सागरी वाट शोधायला. परतला तो बॅफिन बेटाकडचा एक काळा दगड घेऊन. लंडनच्या पारख्यांनी दगडात काही नाही म्हणून सांगितलं. अ‍ॅग्नेलो नावाच्या इटालियनाला मात्र त्यात सोनं दिसलं. हवं ते सांगणारा पारखी शोधला की सापडतोच! १५७८ साली पंधरा जहाजं गेली आणि हजारावर टन दगड घेऊन आली. भट्टीतून निघालं शून्य. या उद्योगात पैसा ओतणारा मायकेल लॉक कर्जापायी तुरुंगात गेला, आणि दगड डार्टफर्ड गावातल्या एका भिंतीत जाऊन बसले.

खरं सोनं होतं पश्चिमेला, हजाराहून अधिक किलोमीटरवर. आज हा सारा मुलूख कॅनडाचा नुनावुत हा केंद्राधीन प्रदेश आहे. महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा, वस्ती जेमतेम चाळीस हजारांची, त्यात बहुतेक इनुइट. एका गावातून दुसऱ्या गावी जायला रस्ता नाही. इथल्या बेकर लेक गावाच्या उत्तरेला मेडोबँक ही खाण २०१० साली सुरू झाली.

तिथले खडक सुमारे २७० कोटी वर्षांचे. आपला सह्याद्री त्यांच्यापुढे कालचं पोर. या खडकांत लोखंडाचे पट्टे आहेत. खोलवरून वर येणाऱ्या उष्ण पाण्यात सोनं विरघळलेलं होतं, ते गंधकाचा हात धरून. वाटेत लोखंड भेटलं, गंधक त्याला जाऊन मिळालं, आणि एकटं पडलेलं सोनं तिथेच खाली बसलं.

पण हे पट्टे शोधायचे कसे? काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत इथे बर्फाचा प्रचंड थर होता. सरकताना त्याने खालचे खडक खरवडले आणि तो चुरा मैलोगणती पसरून ठेवला. खडक झाकले गेले ते या चुऱ्याखाली, आणि त्यांचा पत्ताही त्यातच मिळतो. शिवाय गोठण्या-वितळण्याच्या चक्रात जमीन आतून घुसळली जाते आणि खालचा ताजा चिखल गोल चकत्यांसारखा वर येतो. भूवैज्ञानिक नेमका तोच पिशवीत भरतात. सराफकट्ट्याची माती धुणाऱ्या आपल्या झारेकऱ्यांसारखी ती माती धुतली जाते, आणि उरलेले सोन्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जातात. कणाच्या कडा शाबूत असतील तर घर जवळ आहे. दुमडलेला, वाटोळा झालेला कण लांबून आलेला. मग बर्फ ज्या दिशेने आला, तिकडे उलट पावली चालायचं. बेकर लेकच्या परिसरात मात्र बर्फाने अनेकदा दिशा बदलली, त्यामुळे एकावर एक उमटलेली पावलं सोडवत बसावं लागतं. मला या सगळ्या उद्योगात सोन्यापेक्षा हा माग काढण्याचाच मोह जास्त पडतो.

माग लागला की छिद्रण. जमीन शेकडो मीटर खोलपर्यंत कायम गोठलेली. साधं पाणी वापरलं तर ते छिद्रातच गोठून यंत्र अडकतं, म्हणून खारं पाणी सोडतात. तळ्याखालचा खडक तपासायचा तर हिवाळाच बरा, तेव्हा यंत्र सरळ बर्फावर उभं करता येतं. एवढं करून टनामागे तीन-चार ग्रॅम मिळालं तरी खाण परवडते. म्हणजे धनत्रयोदशीच्या एका तोळ्यामागे तीन-चार टन खडक.

खाणीचा माल उन्हाळ्यात बोटीने बेकर लेकला उतरतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याने जातो. कॅरिबू हरणांचे कळप स्थलांतराला निघाले की हा रस्ता बंद होतो. शेवटचं पाडस पलीकडे जाईपर्यंत ट्रक जागच्या जागी उभे असतात.