‘क्विट’ : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

इंग्रजी भाषेंत ‘जाणें’ या अर्थाचीं क्रियापदें थोडींथोडकीं नाहींत. ‘गो’ आहे, ‘लीव्ह’ आहे, ‘डिपार्ट’ आहे, ‘विथड्रॉ’ आहे. परंतु भारतीयांच्या स्मरणांत कायमचें बसलें तें ‘क्विट’. हें क्रियापद मुळांत जाण्याचें नव्हेच, तर देणेंघेणें फेडून मोकळें होण्याचें आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

याचें मूळ लॅटिन ‘क्विएटस’ या विशेषणांत आहे. त्याचा अर्थ शांत, स्वस्थ. मध्ययुगीन लॅटिनमध्यें त्यास कायद्याचा रंग चढला. ज्याच्यामागें कोणाचा तगादा उरला नाहीं तो ‘स्वस्थ’, म्हणजे ऋणमुक्त. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत उतरला, तेव्हां त्याचे अर्थ ‘मुक्त करणें’ व ‘फेडणें’ असे होते. पुढें हक्क सोडणें, त्यावरून वस्तु सोडणें, आणि शेवटीं जागा सोडणें, अशा पायऱ्यांनीं तो आजच्या अर्थावर आला. अमेरिकेंत तो आणखी एक पायरी उतरला असून तेथें एखादें काम वा संवय बंद करणें यासहि ‘क्विट’ म्हणतात. त्याचें भूतकाळी रूप ‘क्विट’ किंवा ‘क्विटेड’ असें दोन्ही प्रकारें होतें. पहिलें आज अधिक रूढ आहे.

या घराण्यांतील इतर मंडळी पाहिलीं म्हणजे कुळाची खूण पटते. शांततावाचक ‘क्वायट’ ही तर सख्खी बहीणच. ‘अगदीं, पुरेपूर’ या अर्थाचें ‘क्वाइट’ हेंहि त्याच रक्ताचें. आरोपांतून सोडणें तें ‘अक्विट’, उपकाराची वा अपकाराची परतफेड करणें तें ‘रिक्वाइट’, फारखती ती ‘क्विटन्स’, आणि फिट्टंफाट झाली कीं दोघेहि ‘क्विट्स’! इनाम जमिनीवर सरकारांत भरावयाच्या हलक्या साऱ्यास मराठींत ‘जुडी’ म्हणत. इंग्रज अंमलदार तिला ‘क्विट-रेंट’ म्हणत. तेवढें भरलें कीं इतर देण्यांतून सुटका, हा त्यांतील भाव.

शहरांतील कुटुंबांस हें क्रियापद निराळ्याच वाटेनें भेटतें. घर खालीं करण्याविषयीं मालक भाडेकऱ्यास जी सूचना देतो, ती ‘नोटिस टु क्विट’. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांतहि हा शब्द भाडेपट्ट्याच्या संबंधांत आला आहे. अशी नोटिस भाडेकऱ्यास गांव सोडावयास सांगत नाहीं, किंवा मालकाशीं बोलणेंचालणें तोडावयासहि सांगत नाहीं. जागेवरील त्याचा ताबा तेवढा संपवावयास सांगते.

हा सूक्ष्म भेद १९४२ सालीं वर्ध्यास अत्यंत मोलाचा ठरला. गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळच्या शेगांवीं, म्हणजे पुढील सेवाग्रामांत, राहत होते. क्रिप्स यांची शिष्टाई फसल्यावर काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यास भरली आणि ता. १४ जुलै १९४२ रोजीं तिनें ब्रिटिश सत्ता निघून जाण्याची मागणी करणारा ठराव केला. ठरावाची भाषा ‘विथड्रॉवल’ची होती. ‘क्विट इंडिया’ हें घोषवाक्य युसुफ मेहेरअली यांनीं सुचविलें असें सांगतात. १९२८ सालच्या ‘सायमन, गो बॅक’ या घोषणेचें जनकत्वहि त्यांच्याकडेच देतात. दोहोंतील अंतर मोठें आहे. ‘गो बॅक’ हें दाराशीं आलेल्या पाहुण्यास. ‘क्विट’ हें घर बळकावून बसलेल्यास.

ठरावांतच खुलासा होता, कीं सत्ता जावी म्हणजे प्रत्येक इंग्रज माणसानें चालतें व्हावें असें नव्हे. युद्धासाठीं दोस्तांच्या फौजा येथें राहण्यासहि संमति होती. हा अर्थ व्हाइसरॉयांस समजावून देण्यासाठीं दिल्लीस कोण गेलें? मीराबेन, म्हणजे जन्मानें इंग्रज असलेल्या मॅडेलिन स्लेड! व्हाइसरॉयांनीं भेट नाकारली. त्यांच्या खासगी चिटणिसाशींच बोलून त्यांस परतावें लागलें. ता. ८ ऑगस्टला मुंबईस गोवालिया टँकवर ठराव झाला, दुसऱ्या दिवशीं पहांटे नेते पकडले गेले, आणि अर्थ सांगणारेच तुरुंगांत पडले. ता. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यांतील आष्टी येथें पोलीसठाण्यावर जमाव चालून गेला. गोळीबारांत गांवकरी मेले, आणि पोलीसहि प्राणांस मुकले. शब्दाचा शांत अर्थ रक्तांत बुडाला.

मराठींत ही चळवळ ‘चले जाव’ या नांवानें रूढ झाली. त्या शब्दांत तडफ आहे, परंतु हांकलण्याचा सूर अधिक आहे. ‘छोडो भारत’ हें मुळाच्या अधिक जवळचें. आपलें ‘सोडणें’ हें क्रियापद पाहावें: कैदी सोडतात, हक्क सोडतात, गांवहि सोडतात. सुटका, त्याग आणि प्रस्थान हे तिन्ही अर्थ ‘क्विट’प्रमाणें त्यांतहि एकत्र नांदतात. वर्ध्याच्या ठरावानें मागितलें होतें तें वस्तुतः हक्कसोडपत्र होतें. तें १५ ऑगस्ट १९४७ रोजीं मिळालें. आणि हक्क सोडल्यावर इंग्रज माणसास येथें स्नेही म्हणून राहण्यास कोणाची आडकाठी उरली नाहीं.