साडेसतरा लाखांचा बॉम्ब

राजगोपाल चिदंबरम ४ जानेवारी २०२५ रोजी गेले. १९७४मध्ये ट्रॉम्बेहून पोखरणला प्लुटोनियम नेणाऱ्यांतले ते एक. पेपरात बातमी आली, आमच्या शिरपुरात तिची चर्चा झाली नाही. मे महिन्यात सीमेवर भडका उडाला, तेव्हा मात्र बसस्टँडवर जो तो अणुतज्ज्ञ. "टाकून द्या ना एकडाव, मंग पाहू!" वरातीत सुतळी बॉम्ब मागावा, तसा अणुबॉम्ब मागत होते.

सुरुवातीची वर्षं मी झरझर उलटतो. १९५६ची अप्सरा अणुभट्टी, १९६०ची कॅनडाच्या मदतीची सायरस. भाषणं नि फिती. खरा काळ १९६४ ते ७४चा. ऑक्टोबर ६४मध्ये चीनने स्फोट केला आणि आठ दिवसांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी आकाशवाणीवरून हिशेब मांडला: दहा किलोटनांचा बॉम्ब साडेसतरा लाखांत. अणुभट्टी आणि प्लुटोनियमचा कारखाना त्यात धरलेलाच नव्हता. ६६च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. त्यांच्या जागी आलेले विक्रम साराभाई अहमदाबादच्या जैन घरातले. नुसत्या बॉम्बची किंमत काढू नका, त्यामागचा सगळा संरक्षणाचा पसारा मोजा, असं ते जाहीरपणे सांगत. तेव्हा त्यांना देशद्रोही ठरवायला आयती फौज नव्हती. ७१च्या डिसेंबरात तेही गेले. बॉम्बचं काम शास्त्रज्ञ राजा रामण्णांनी पुढे रेटलं.

मे ७२मध्ये ट्रॉम्बेत प्लुटोनियमवर चालणारी 'पूर्णिमा' अणुभट्टी सुरू झाली. त्याच सालच्या दुष्काळात आम्ही खडी फोडत होतो. हाताला फोड, पोटात मिलो आणि सुखडी. बरोबर दोन वर्षांनी, १८ मे १९७४च्या सकाळी, पोखरणला जमिनीखाली शंभर मीटरवर स्फोट झाला. देशभर रेल्वेचा संप चालू, हजारो कामगार तुरुंगात, आणि रेडिओ सांगतोय 'शांततामय अणुस्फोट'. दुष्काळी कामावर आमची अर्धी हजेरी खाणारा मुकादम त्या दिवशी पेढे वाटत होता. मी पेढा खाल्ला; हजेरीचे पैसे अजून येणं आहेत. कॅनडाने मदत थांबवली, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

पुढची चोवीस वर्षं सरकारं आली, गेली. गावात मोठी गोष्ट एकच, पंथांच्या वादात अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला लागलेलं कुलूप. मे ९८मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झाले, जुलैत अकोल्यातून फुटून आमचा वाशीम जिल्हा झाला. पेढे दोन्ही वेळेला वाटले गेले.

भाभांचा हिशेब कच्चा होता, पण तो तपासायला साराभाई होते. आता हिशेब विचारणाराच भित्रा ठरतो. अण्वस्त्र आधी आपण वापरणार नाही, असं धोरण आपल्याच सरकारने २००३मध्ये लेखी जाहीर केलंय. ते असावं की नसावं, यावर खुशाल भांडा. पण आधी वाचा तरी.